मंजुळामावशींचे तहानलेले हात

मंजुळामावशींना बाळ न्हाऊ घालताना ज्यानं पाहिलेलं नाही, त्याला मी सांगतेय ते अर्धंच कळेल. तरी सांगते. न्हाणीघरात पाटावर बसायचं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचायचं, पाय सरळ पुढं पसरायचे आणि दोन नडग्यांच्या मधल्या खोबणीत उघडं बाळ पालथं घ्यायचं. बाळ एवढंसं, ओलं, तेलानं निसरडं. बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. मावशी मात्र एका हातानं तांब्या ओततात, दुसऱ्या हातानं मान, काखा, जांघा चोळून काढतात, तोंडानं बाळाशी भांडत असतात, आणि बाळ तसूभरही सरकत नाही. माझा सार्थक त्यांच्याच पायांवर न्हायला. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून "मावशी, सांभाळून, सांभाळून" करत होते. त्या म्हणाल्या, "तू जाऊन गप पड. तुझ्यासारख्या लई जणी वरडल्या, एकीचंबी लेकरू पडलं नाय." मी जाऊन गप पडले. सार्थक आता सायकलवरून शाळेत जातो, पण त्या हातांचं मला वाटलेलं नवल काही कमी झालेलं नाही.

मावशी राहतात दौलताबादला, किल्ल्याच्या पायथ्याशी. घर मेंढरांचं. नवरा, बिरूभाऊ, अजूनही थोडी मेंढरं राखून आहेत, बाकीची कधीच विकली. मावशींनी बाळ-बाळंतिणीचं काम सासूकडून उचललं आणि तिच्या माघारी ते शहरात आणलं. सकाळच्या बसनं क्रांती चौकात उतरायचं, तिथून घरोघर जायचं, दुपार कलली की शहागंजातून घरचं काहीबाही घ्यायचं आणि परतीची बस धरायची. शहरातल्या आमच्या पिढीच्या निम्म्या बायका त्यांच्या हाताखालून गेल्यात, असं मी म्हटलं तर थोडंच वाढवून सांगितल्यासारखं होईल.

या कामाचा त्यांचा एक नेम होता, तोही सासूनंच घालून दिलेला. एका घरचं तेल दुसऱ्या घरी न्यायचं नाही. एका बाळाच्या अंगचं तेल दुसऱ्याच्या अंगाला लागलं तर दोघांनाही बाधतं म्हणे. म्हणून प्रत्येक घरी न्हाणं आटोपलं की मावशी उरलेलं कढत पाणी बादलीत घ्यायच्या, कपड्याच्या साबणाची वडी आणि काथ्या घेऊन कोपरापर्यंत हात घासायच्या. हातावर हात घासल्यावर करकर वाजला पाहिजे, तरच तेल गेलं. मग पुढचं घर, पुन्हा तेल, पुन्हा कढत पाणी, पुन्हा वडी. वर्षानुवर्षं हे चाललेलं, आणि आम्हा कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट आम्ही कौतुकच करायचो, की बाई किती स्वच्छ आहे बघा.

गेल्या दिवाळीनंतर थंडी पडली, आपल्याकडची ती कोरडी, ओठ उलवणारी थंडी, आणि आशाबाईंच्या घरी ती गोष्ट घडली. आशाबाईंची लेक मंजुषा बाळंतपणाला माहेरी आली होती. माणसं चांगली, शेतीवाडीची, आता शहरात बंगला बांधलेली. मावशींनी बाळाला पुसून दुपट्यावर ठेवलं, तर पाठीवर बारीक लाल ओरखडे. नखाचे नव्हते, नखं तर त्या मुळापर्यंत कापतात. तळहाताचे होते. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. आशाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "मावशी, उद्यापासून बाळाचं आम्हीच बघू. तुम्ही थोडा आराम करा."

तिथून मावशी सरळ माझ्याकडे आल्या. माझं पार्लर क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत आहे. गिऱ्हाईक नव्हतं. मावशी आरशासमोरच्या खुर्चीत बसल्या, आरशाकडं बघितलंही नाही, आणि दोन्ही हात उपडे-सुलटे करून माझ्यासमोर धरले.

"पोरी, तू लोकाच्या तोंडाला काय काय लावतीस. ह्याला काय लावायचं सांग."

मी ते हात इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट बघितले. राखेसारखे पांढरट, बोटांच्या पेरांवर भेगा, काहींच्या तळाशी लाल दिसत होतं. तळव्याची कातडी घट्ट ताणलेली, मूठ वळली की पिठाळ सुरकुत्या पडायच्या. मी बोटाच्या टोकाला हळूच चिमटा काढला. त्यांना कळलं नाही. "बोटाला काय कळत नाय लई वर्सापासनं," त्या सहज म्हणाल्या. "पाणी म्या कोपरानंच बघते."

मी "रोज तेल लावा" म्हणणार होते आणि तोंड मिटलं. ही बाई सकाळपासून दुपारपर्यंत तेलातच असते. तिळाचं, खोबऱ्याचं, बदामाचं, ज्या घरी जे असेल ते. शिवाय घरी गेल्यावर मेण-तेल कढवून चोळत होत्या, ते वेगळंच. तेलात बुडालेले हात कोरडे कसे पडतील? 

"मावशी, एवढी घाई का करताय? थंडी सरली की उतरेल."

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांची एकुलती लेक अंबिका, लग्नाला बरीच वर्षं झालेली. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. आता पुन्हा राहिले होते, यंदा सगळं नीट चाललं होतं, अक्षय्य तृतीयेच्या सुमाराची तारीख दिली होती.

"साऱ्या गावाची लेकरं न्हाऊ घातली," मावशी म्हणाल्या. "अंबिकाचं लेकरू ह्या हातानं घेऊ का? वरबाडून निघंल ते. मला नुसतं तेवढं पायजे, पोरी. बाकी मला काय नको."

मी पार्लरला कुलूप घातलं आणि त्यांना घेऊन घाटीत गेले, म्हणजे आमच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात. कातडीची डॉक्टरीण तरुण होती, पण तिनं घाई केली नाही. तिनं हात उजेडात धरले, भेगा बघितल्या, मग मावशींकडून सकाळपासूनचं सगळं काम ऐकून घेतलं. वडी आणि काथ्याचं आलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले.

"आजी, तुमच्या कातडीला तेल भरपूर मिळतंय. पाणी मिळत नाही," ती म्हणाली. मग तिनं समजावलं. कातडीच्या वरच्या थरात पाणी असतं आणि ते उडून जाऊ नये म्हणून कातडी स्वतःची बारीक चरबी राखून असते. कढत पाणी आणि कपड्याचा साबण ती चरबीच खरवडून नेतात. मग पाणी उडून जातं. "आणि तुम्ही रात्री कोरड्या हातावर मेण-तेल चोळता. रिकाम्या माठावर झाकण ठेवून काय उपयोग? आधी माठात पाणी पाहिजे."

मावशींना माठाचं पटलं. मग डॉक्टरणीनं विचारलं, "आणि दिवसभरात पाणी किती पिता?"

मावशी हसल्या. "घरून निघताना घोटभर. मग घरी गेल्यावर."

"मधे?"

"मधे पिऊन कसं चालंल? लोकाच्या घरी कुठं जायचं?"

माझ्या घरी ही बाई रोज येऊन दोन-दोन तास राबायची आणि मी तिला संडास कुठं आहे हे कधी दाखवलं नव्हतं, तिनंही कधी विचारलं नव्हतं. डॉक्टरीण नंतर एवढंच म्हणाली की पाणी प्यायल्यानं लगेच हात ओले होत नाहीत, पण दिवसभर तहान मारणं शरीराला कुठंच मानवत नाही, तेव्हा प्यायचं.

भेगांसाठी मलम मिळालं. हात बरे होईपर्यंत कुणाचंही बाळ घ्यायचं नाही, असं बजावलं. ते सगळं मावशींनी मान्य केलं. एक गोष्ट सोडून. साबणाची वडी सोडायला त्या तयार होईनात.

"सासूचा शब्द हाय. एका घरचं तेल दुसऱ्या घरी न्यायचं नाय."

दवाखान्याच्या फाटकात मी त्यांच्याशी भांडले. माझा स्वभावच तसा आहे, सासरी-माहेरी सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, तुमच्या सासूबाई गेल्या, नातवंड यायचंय, तुम्हाला कुणाचं ऐकायचंय? मावशी माझ्यापेक्षा मोठ्यानं म्हणाल्या, "लोकाच्या लेकराला माझ्यापायी कायबी बाधलं तर अंबिकाचं कसं सुखरूप व्हईल?" एवढं बोलून बसमध्ये चढल्या. मी तिथंच उभी राहिले. हे भय त्यांच्या मनात बसलेलं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

आठवड्यानं त्या आल्या त्या तोंडभर हसत. "पोरी, सापडलं. सासूच्या टायमाला वडी होती कुठं? ती डाळीच्या पिठानं हात धुवायची. तिनं तेल नेऊ नको सांगितलं व्हतं, वडी घास म्हनून नव्हतं सांगितलं. वडी माझी मीच लावून घेतली." मग माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, "सासू शहाणी व्हती गं."

तिथून आमचं सुरू झालं. रोज दुपारी मावशी पार्लरमध्ये यायच्या, दौलताबादहून खास त्यासाठी. कोमट पाण्यात हात भिजवायचे, कढत नाही, नुसते कोमट. डाळीच्या पिठाचा हलका हात फिरवायचा. पंचानं घासून पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. आणि हात ओलसर असतानाच, पाणी उडायच्या आत, ग्लिसरीनचं साधं, बिनवासाचं क्रीम चोळायचं आणि त्याच्यावर घट्ट पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा थर द्यायचा. म्हणजे माठ भरला आणि झाकण बसलं. घरीही हात ओले झाले की हेच. भांडी घासताना रबरी मोजे. निजताना जेली लावून वर सुती मोजे. हे शेवटचं ऐकून बिरूभाऊ म्हणाले म्हणे, "म्हातारीनं हाताला पायमोजे घातलेत, आता मेंढराला चष्मा लावा." मावशींनी ते मला अगदी खुशीत सांगितलं.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मी वैतागले. मला फेशियल करून तासाभरात फरक दाखवायची सवय. मावशींना मात्र घाई दिसली नाही. बाळाची टाळू रोज तेलानं भरत राहायची आणि ती आपल्या वेळेला भरते, हे बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्या आरशापुढं बसायच्या, हात मांडीवर ठेवायच्या आणि मला माझ्या गिऱ्हाइकांच्या जन्माच्या कथा सांगायच्या, कोण पायाळू, कोण नाळ गळ्यात घेऊन आलेली.

मग भेगा कडेनं मिटायला लागल्या. आधी बारीक, मग त्या लाल तळाच्या. मी रोज बघत होते, तरी कधी मिटल्या ते कळायचं नाही. पांढरटपणा गेला, तळव्याला गव्हाळ रंग आला, पेरांवर रेषा दिसायला लागल्या. मी या धंद्यात इतकी वर्षं आहे, पण अशी मरगळलेली कातडी आतून नवी होऊन वर येताना मी कधी पाहिली नव्हती. मी काही करतच नव्हते. वरून थोडं पाणी आणि थोडं झाकण, बाकी सगळं ती कातडी आपलं आपण करत होती. एका दुपारी मी वाडग्यात पाणी ओतलं, थोडं जास्त तापलेलं होतं, माझ्या लक्षात आलं नाही. मावशींनी बोटं बुडवली आणि झटकन काढली.

"चटका बसला," त्या म्हणाल्या.

मी गार पाणी आणायला धावले. परत आले तर त्या बोटं पुन्हा पाण्यात घालत होत्या, काढत होत्या, घालत होत्या. "राहू दे," म्हणाल्या. "बसू दे गं चटका. बोटाला कळतंय." त्यांचे डोळे भरलेले होते आणि हसतही होत्या. 

डॉक्टरणीनं हात बघून होकार दिला तेव्हा मावशींनी पुन्हा एक-दोन घरं धरली. आता प्रत्येक घरी मागायचं होतं, कोमट पाणी आणि चमचाभर डाळीचं पीठ. आणि प्यायला पाणी, आणि त्यापुढचंही. त्यांना पीठ मागायची लाज वाटली नाही, पण संडासाचं विचारायला त्यांनी दोन दिवस घेतले. विचारलं तेव्हा त्या घरची सून म्हणाली, "अहो मावशी, जा की, विचारायचं काय त्यात?" मावशी मला म्हणाल्या, "एवढंच व्हतं बघ. इतकी वर्षं म्या तहान मारली आनि एवढंच व्हतं." त्यांना त्याचं हसू येत होतं. मला आलं नाही.

अंबिकाची तारीख अक्षय्य तृतीयेच्या सुमाराची होती, पण तिचा रक्तदाब चढला आणि शिवरात्रीच्या आसपासच घाटीत पोट फाडून बाळ काढावं लागलं. मुलगी. वेळेआधी आलेली, माझ्या दोन तळहातांत मावेल एवढी. काचेच्या पेटीत ठेवली होती. अंबिकाचा रक्तदाब उतरेना, तिला दुसऱ्या वॉर्डात झोपवून ठेवलेलं, तिनं लेकीला अजून हात लावला नव्हता. मला निरोप आला तशी मी गेले. मावशी बाकावर बसल्या होत्या. हात मांडीवर, तळवे वर.

"न्हाऊ घालायचं नाय म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "लई दिस नाय. तेलाचा थेंबबी लावायचा नाय. कातडी कागदावानी पातळ हाय म्हनं."

मला रडू फुटलं, आणि रागही आला, कुणाचा ते माहीत नाही. एवढं सगळं केलं ते कशासाठी, असं मला वाटलं. मावशी मात्र शांत होत्या. "जगू दे," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात आतली सिस्टर बाहेर आली. बाळाला कुणीतरी उघड्या छातीशी धरून बसायला हवं, अंगाची ऊब अंगाला, तासन्‌तास. आईला जमेपर्यंत घरातल्या कुणी बाईनं धरायचं. मावशी उठल्या. सिस्टरनं त्यांचं वय बघितलं, कष्टाचा चेहरा बघितला आणि म्हणाली, "आजी, हात दाखवा. खरखरीत हात चालत नाहीत इथं." मावशींनी हात पुढं केले. सिस्टरनं तळवे चाचपले, उलटे केले, पुन्हा चाचपले.

"काय काम करता तुम्ही?"

"बाळं न्हाऊ घालते."

सिस्टरला ते खरं वाटलं नसावं. तिनं बांगड्या काढायला लावल्या, हात धुवायला लावले आणि आत नेलं.

मला दाराच्या काचेतून दिसत होतं. मावशींना टेकून बसवलं, छाती उघडी केली आणि ते इवलंसं अंग त्यांच्या छातीवर पालथं ठेवलं, वरून कापड गुंडाळलं. त्यांचा उजवा हात बाळाच्या पाठीवर ठेवला. पाठ कसली, त्या एका तळव्याखाली सगळं बाळच झाकलं गेलं. हे हात मी कधी स्थिर पाहिले नव्हते. ओतणारे, चोळणारे, टिपणारे, गुंडाळणारे हात. आता ते नुसते ठेवलेले होते. बाळ दचकलं नाही, रडलं नाही. मावशींनी मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही. मी काचेला कपाळ टेकवून उभी होते. मी देवळातही इतकी गप्प उभी राहत नाही.

दुपारी सिस्टरनं त्यांना सोडलं तेव्हा आम्ही अंबिकाकडं गेलो. सलाईनची सुई लावून बांधलेला हात, सुजलेला चेहरा. आईला बघताच तिनं विचारलं, "कशी हाय गं? हाताला कशी लागती?"

मावशी तिच्याजवळ बसल्या. आपलाच तळवा उलटा-सुलटा करून बघत राहिल्या.

"सायीसारखी?" मी मदत करायला म्हटलं.

"नाय," मावशी म्हणाल्या. मग अंबिकाकडं बघून, "इतकी लेकरं ह्या हातातून गेली, पण म्या नुसती धुतली गं. हाताला कधी लेकराची कातडी कळलीच नाय. हात मेलेलं व्हतं. तू झालीस तवाबी वडी घासून असंच झालं व्हतं."

आणि त्यांनी तळवा अंबिकाच्या गालावर ठेवला. अंबिकाला वाटलं, आई दाखवतेय, बाळ कसं लागतं ते. ती डोळे मिटून थांबली. मावशींची बोटं गालावरून हळूहळू कानाकडं गेली, हनुवटीवर आली, कपाळावर गेली, परत गालावर आली. हात काही निघेना.

"आई," अंबिका डोळे न उघडता म्हणाली, "म्या बाळाचं विचारलं."

"व्हय, सांगते," मावशी म्हणाल्या. "आधी तुझं कळू दे."